टोरंटो ते शाहपुरा

प्रिय बाबा,

तीर्थरूप लिहायला हवं, माहीत आहे. पण गेले दहा महिने तुमच्यावर रागावून बसलेली मुलगी एकदम तीर्थरूपवर कशी येईल? सध्या प्रियवर भागवून घ्या.

भोपाळला, शाहपुऱ्याच्या घरात, तुमच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून लिहितेय. बाकी घर रिकामं झालंय. भांडी गेली, पलंग गेले, आईचं शिवणाचं मशीन शेजारच्या दुबेकाकांच्या सुनेनं नेलं. हे टेबल न्यायला संध्याकाळी माणसं येतील, पण त्याआधी चार वाजता माझी टॅक्सी येईल. आत्ता सकाळचे साडेसात वाजलेत. परवा तुमच्या नकाशांच्या पत्र्याच्या नळीत जे सापडलं, ते वाचल्यावर तुमच्याशी बोलल्याशिवाय मला या दारातून बाहेर पडता येणार नाही.

तुम्ही गेलात तेव्हापासून मी एकच प्रश्न घेऊन फिरतेय. माझ्यासाठी का थांबला नाहीत? एकुलती एक मुलगी. तिला कळवलंसुद्धा नाही, आणि तुम्हाला भदभद्याच्या स्मशानघाटावर नेऊन सगळं उरकून मग फोन! असं कुणी करतं का?

पण सुरुवात माझ्याकडूनच झाली होती. तेही आज कबूल करते.

आठवतं, मी पहिल्यांदा निघाले तो दिवस? आई मला सोडायला विमानतळावर आलीच नाही. स्वयंपाकघरात कणीक मळत उभी राहिली. लग्न होऊन लेक नागपूरला गेली असती तर रात्रीच्या गाडीत बसून सकाळी दारात उतरली असती, असं तिचं गणित. तुम्ही आलात. व्हीआयपी रोडवरून जाताना मोठ्या तलावाकडे बघत होतात, माझ्याकडे नाही. आणि गांधीनगरचा विमानतळ आल्यावर विचारलंत, "नीलू, किती वेळ लागतो गं तिथून इथे यायला?"

तुमचा चेहरा पाहून मी म्हणाले, "फक्त चौदा तास, बाबा."

दिल्ली ते टोरंटो जायला पंधराच्या वर लागतात, येताना चौदा. मी त्यातला बरा आकडा उचलला आणि तुमच्या हातात ठेवला. रडणाऱ्या मुलाच्या हातात बत्तासा ठेवतात तसा. मला काय माहीत, तुम्ही तो जन्मभर जपून ठेवाल म्हणून!

महिन्याभरात तुम्ही न्यू मार्केटमधून पृथ्वीचा गोल आणलात. आईच्या डब्यातला निळा दोरा घेतलात, एक टोक भोपाळवर, एक टोक टोरंटोवर. फोनवर केवढे हरखला होतात! दोरा युरोपावरून जाईल असं वाटलं होतं, तो वर ग्रीनलँडवरून गेला. "अगं, तुझं विमान पृथ्वीच्या टकलावरून जातं," म्हणालात. दोरा कापून ठेवलात. वीतभर आणि वर दोन बोटं. मग कुठूनसं वाचलंत की त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून जाताना विमानाला जास्त वेळ आणि येताना कमी. त्याचा तर तुम्हाला कोण आनंद. "घरी येताना वारा पाठीशी असतो," हे वाक्य तुम्ही दूधवाल्यालाही ऐकवलं असेल.

दुबेकाकांना तर चौदाचा आकडा पाठच झाला. मी दर खेपेला आले की त्यांचं ठरलेलं, "चौदह घंटे में आ गई बिटिया? इतने में तो हम बस से सागर जाकर लौटते हैं."

आणि खरं सांगू? खरा हिशेब कधी उघडा पडलाच नाही. मी येताना दिल्लीला मैत्रिणीकडे दोन दिवस राहून यायचे, आणि मधले मुक्काम प्रवासात धरायचे नसतात असा तुमचा नियम. तुमच्यासारखा माणूस असं म्हणतो? सिंचाई खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतात. मी शाळेत असताना तुम्हीच मला टेबलावर नकाशा पसरून शिकवलं होतं, मोठा कालवा धरणापासून कितीही सरळ काढला तरी शेताला पाणी मिळत नाही, शेवटची चारी खणावी लागते, आणि सगळा वेळ त्या चारीत जातो. नवख्या साहेबांच्या चुका काढताना हे कितीदा बोलला असाल! आणि माझ्या बाबतीत तुम्ही नुसता कालवा मोजलात. चारी विसरलात. की मुद्दाम मोजली नाहीत?

मग आई गेली.

मे महिना, संध्याकाळी सात. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "नीलू, ये." आणि घरात जमलेल्या सगळ्यांना सांगितलंत, चौदा तास, म्हणजे सकाळी नऊला नीलू येते, साडेनऊला निघू. नागपूरचे काका, मावशी, कॉलनीतले लोक, सगळे तुमच्या शब्दावर थांबले. तुमचा हिशेब चुकतो असं कुणाला वाटणार?

इकडे मी तिकीट शोधत होते. त्या दिवशीच्या थेट विमानात जागा नव्हती. फ्रँकफर्टमार्गे मिळालं, तेही साडेआठ तासांनी. तिथे चार तास बसले. दिल्लीत आठ तास भोपाळच्या विमानाची वाट पाहिली. मी सकाळी नऊलाच पोहोचले, बाबा. फक्त त्याच्याही पुढच्या सकाळी. अडतीस तास.

मधल्या वेळात इथे काय झालं ते मावशीनं मला नंतर सांगितलं. दुपारी वीज गेली, भाड्यानं आणलेली शीतपेटी बंद पडली, मग बर्फाच्या लाद्या आणल्या. आता निघू या, असं लोक हळूहळू तुम्हाला सुचवायला लागले. तुम्ही दर वेळी घड्याळ पाहून म्हणालात, आता येईलच. तुम्ही कुणाशी कधी खोटं बोलला नव्हता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

आणि मी दारात आले, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही माझी आई नाहीये."

सगळ्यांसमोर म्हणाले. तुम्ही भिंतीशी उभे होतात. मी तुमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. अडतीस तास न झोपलेल्या बाईच्या तोंडून निघालं, असं मी स्वतःला सांगत आले. पण तुम्ही ते ऐकलं होतं. त्यानंतर आपण त्यावर अक्षर बोललो नाही, तुम्हीही नाही आणि मीही नाही. मी माफी मागायला हवी होती. त्या चौदा तासांचीही आणि त्या वाक्याचीही. दर खेपेला वाटायचं, पुढच्या वेळी समोर बसून बोलू. आणि पुढची वेळ मी ढकलत राहिले. लेकीची, इराची परीक्षा, माझी नवी नोकरी, तिकडचा बर्फ. तुम्ही म्हणायचात, "फिकर नको करू, मी कुठं जातोय?" कसलं खोटं बोलता हो!

एक मात्र झालं. आई गेल्यावर तुम्ही चौदा हा आकडा पुन्हा तोंडातून काढला नाहीत. त्याऐवजी रविवारच्या फोनवर भलतेच प्रश्न सुरू झाले. तुझ्या घरापासून विमानतळ किती लांब? बर्फ पडला तर किती वेळ लागतो? तपासणीची रांग केवढी असते? सामान नसेल तर लवकर सोडतात का? इराला ऐन वेळी कुणाकडे ठेवशील? मी वैतागून जायचे. एकदा तर म्हणाले, "बाबा, तुम्हाला काय करायचंय? आमचं काय चाललंय, ते विचारा ना." तुम्ही म्हणालात, "बरं, कशी आहेस?" आणि दोन मिनिटांनी पुन्हा, "दिल्लीला टर्मिनल बदलावं लागतं का गं?"

मला वाटलं, म्हातारपणीचा चाळा.

फेब्रुवारीत तो फोन आला. मी सकाळी इराचा डबा भरत होते. दुबेकाका म्हणाले, बिटिया, भाईसाहब नहीं रहे. मी म्हटलं, काका, मी निघते, थांबा. ते मग म्हणाले, घाट से लौटकर ही फ़ोन कर रहा हूँ.

आदल्या दिवशी दुपारी तुम्हाला साकेत नगरच्या इस्पितळात नेलं होतं. त्या दिवशी सकाळी दहाला तुम्ही गेलात. चारपर्यंत सगळं झालं. अग्नी दुबेकाकांनी दिला. मी त्यांना काय काय बोलले ते लिहवत नाही. तुम्ही कोण ठरवणारे, हे तर नक्की म्हणाले. पाचव्या दिवशी मी इथे पोहोचले, तेरावं होईपर्यंत राहिले, आणि रोज सकाळी काकू चहा घेऊन यायच्या तो परत पाठवला. काकांनी एकदाच सांगायचा प्रयत्न केला, "भाईसाहब ने ही कहा था, बेटा." मी ऐकून घेतलं नाही. बाबा असं म्हणूच शकत नाहीत, म्हणाले.

परवा नळी उघडली. जुने कालव्यांचे नकाशे असतील, रद्दीत देऊ, एवढाच विचार होता. सगळ्यात आत एक ट्रेसिंगचा कागद, गुंडाळून निळ्या दोऱ्यानं बांधलेला. तोच दोरा.

मथळा तुमच्या त्या तिरक्या अक्षरात. टोरंटो ते शाहपुरा, घर ते घर. डावीकडे माझं दार, उजवीकडे आपलं दार, मध्ये एक सरळ रेघ आणि तिच्यावर तुकडे पाडलेले. या खेपेला तुम्ही चाऱ्या मोजल्या होत्या! घर ते विमानतळ सव्वा तास. रांगा तीन तास. विमान चौदा, वर बारीक अक्षरात 'वारा पाठीशी'. दिल्लीत पाच, दिल्ली ते भोपाळ दीड, गांधीनगर ते शाहपुरा सामानासकट एक. तिकीट, बॅग आणि इराची सोय पावणेपाच. आणि या सगळ्याच्या आधी, माझ्या दाराच्या अगदी जवळ, पहिला तुकडा. रडणे, अर्धा तास.

तो तुकडा वाचून मी जमिनीवर बसले, बाबा. तुम्ही माझ्या रडण्यालाही वेळ धरला होता. आणि अर्धाच तास? एवढीच ओळखलीत मुलगी?

बेरीज एकतीस. तिच्या बाजूला लाल शाईत, मर्यादा वीस तास. वीस का, ते कुठे लिहिलेलं नाही. पण मला कळलं. आईच्या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती आईच दिसत होती, असं मावशी म्हणाली होती. आणि त्याखाली तुमचे दोन शब्द. थांबू नये.

हे वाचून आधी पुन्हा संतापच आला. मग खालच्या उजव्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तुमच्या ऑफिसच्या नकाशांत असायची तशी चौकट, प्रत्येक दुरुस्ती तारखेसकट. रिव्हिजन एक ते सात.

एक: मुंबईमार्गे. बसत नाही. दोन: सामान न घेता आली तर पाऊण तास वाचतो. बसत नाही. तीन: इराला शेजारी ठेवली तर. बसत नाही. चौथ्यात दिल्लीहून विमानाऐवजी गाडी, पाचव्यात इंदूरला उतरून पुढे रस्त्यानं. बसत नाही. सहा: मर्यादा बावीस केली तर? त्यावर काट मारलेली. सात, तुम्ही जाण्याच्या बारा दिवस आधीची, अक्षर थोडं हललेलं: वारा जोराचा असेल तर चाळीस मिनिटं. बसत नाही.

मी तारखा लावून पाहिल्या. जवळजवळ प्रत्येक दुरुस्ती एका रविवारनंतरची. म्हणजे ते सगळे प्रश्न! तीन वर्षं तुम्ही इथे या टेबलाशी बसून मला त्या वीस तासांत बसवायचा प्रयत्न करत होतात, आणि मी तिकडून म्हणत होते, तुम्हाला काय करायचंय. मी समजत होते की तुम्ही मला वगळलंत. तुम्ही तर सात वेळा मोजलंत, वेड्यासारखे, एखादा तास कुठे वाचतो का म्हणून.

तो कागद घेऊन मी काल संध्याकाळी दुबेकाकांकडे गेले. दारातच वाकून नमस्कार केला. काकूंनी काही न विचारता चहा ठेवला. तो मी प्यायले, दहा महिन्यांनी. काकांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मराठी त्यांना वाचता येत नाही, पण दोरा ओळखला.

मी विचारायचं ते विचारलंच. काका, येणं जमलं नसतं, मान्य. पण फोन? आवाज पोहोचायला तर चौदा तास लागत नाहीत. मला निदान बाबांचा श्वास ऐकता आला असता! त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले की त्यांनीही तुम्हाला हेच म्हटलं होतं, मोबाईल हातातही घेतला होता. तेव्हा तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात आणि त्यांना थांबवलंत.

"बोले, फ़ोन करोगे तो वो निकल पड़ेगी. और ख़बर उसे रास्ते में मिलेगी, किसी हवाई अड्डे पर. वहाँ उसके पास कौन होगा?"

फ्रँकफर्टच्या त्या चार तासांबद्दल मी तुम्हाला कधीच काही सांगितलं नव्हतं. खुर्चीत बसून मी कशी रडत होते आणि लोक कसे वळसा घालून जात होते, ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?

मी उठणार तेवढ्यात काका म्हणाले, अजून एक सांगायचं राहिलंय, ते सांगू की नको हे मला समजत नव्हतं. शेवटच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास तुम्ही डोळे उघडलेत आणि त्यांना विचारलंत, नीलू आज निघाली असती तर कधी पोहोचली असती? बिचाऱ्या काकांना या कागदाची काही माहिती नव्हती. त्यांना तेवढाच एक आकडा पाठ. ते म्हणाले, "चौदह घंटे, भाईसाहब."

"तो क्या बोले?" मी विचारलं.

"हँसे. बोले, हाँ, चौदह. आते वक़्त हवा पीछे रहती है."

बाबा, तुम्हाला एकतीस माहीत होते. सात वेळा तपासलेले एकतीस. तरी शेवटी तुम्ही माझे चौदा घेतलेत. ते खोटे आहेत हे माहीत असून घेतलेत. मी दिलेला तो बत्तासा तुम्ही जाताना तोंडात ठेवून गेलात, आणि मी दहा महिने तुमच्यावर रागावून बसले. माझं चुकलं. त्या दारातल्या वाक्यासाठी, त्या आकड्यासाठी, ढकललेल्या प्रत्येक डिसेंबरसाठी, चुकलं.

तरी एक तक्रार ठेवतेच. मर्यादा मला विचारून घालायला हवी होती. मी तुम्हाला कसंही पाहिलं असतं. या वेळी मी ते वाक्य म्हणाले नसते. पण हे तुम्हाला सांगायला मी कधी आले? मीच आले नाही.

मघाशी लिहिता लिहिता इराचा फोन आला. तिला झोपायचं होतं, त्याआधी विचारायचं होतं. "आई, तू किती वेळात येशील?" अगदी तुमच्यासारखा प्रश्न, तुमच्यासारखाच आवाज बारीक करून. माझ्या ओठांवर आलं होतं, बाबा. फक्त पंधरा तास, बाळा. ती नऊ वर्षांची आहे, लगेच झोपली असती.

मी तुमचा कागद समोर ओढला आणि उजवीकडून डावीकडे वाचत गेले. आपलं दार, गांधीनगर, दिल्ली, मग वारा समोरून. तिला सगळं सांगितलं, रांगांसकट. ती म्हणाली, एवढा वेळ? मी म्हटलं, हो, एवढा. त्यावर ती म्हणाली, "मग लवकर निघ."

तर बाबा, हे वचन. यापुढे मी माझ्या कुणालाही बरा आकडा देणार नाही. दार ते दार सांगेन, आणि तो आकडा मोठा असेल तर लवकर निघेन. दर रविवारी, तुमच्या वेळेला, दुबेकाकांना फोन करीन. काका किंवा काकू आजारी पडल्या तर मर्यादा बघत बसणार नाही, आधी निघेन. कागद बरोबर नेतेय. त्यावर मी आज एकच दुरुस्ती केली आहे, तुमच्याच पेन्सिलीनं. रिव्हिजन आठ: रडणे, अर्ध्या तासात बसत नाही.

दोरा नेत नाहीये. काल दुबेकाकांनी तो हातात घेतला आणि परत द्यायचं विसरले. मीही मागितला नाही.

टॅक्सी यायला अजून वेळ आहे, पण मी आत्ताच बोलावते. लेक म्हणालीय, लवकर निघ.

तुमची, उशिरा पोहोचलेली,
नीलू